कचकड्याची बांगडी

लेकीच्या लग्नाला आठ दिवस उरले होते, म्हणून इतवारीतल्या कारखान्यात डोमाजी तिचीच बांगडी वळत होता. उकळत्या पाण्यात विलायती कचकड्याची पट्टी मऊ पडली. चिमटा सापडेना, तेव्हा त्याने ती बोटांनीच उचलून लाकडी साच्यावर गुंडाळली. “पाहा गा, याले म्हणतात कारागीर!” मालक ओरडले. “अन् तुमी बसा चिमटे शोधत!” सगळे हसले. डोमाजी बोटांकडे बघतच राहिला. कातडी सोलवटली, तरी चटका कळलाच नव्हता. थोरला भाऊ असाच नुसत्या हाताने चिलमीत निखारा ठेवायचा. वर्षभरात महारोग उघडा पडला अन् गावाने त्याला वेशीबाहेर झोपडी बांधून दिली. तेवढ्यात लेक डबा घेऊन आली. बांगडी दिसताच तिने मनगट पुढे केलं. “बाबा, तुमीच भरा ना!” डोमाजीने हात धोतरात लपवले. “साच्यावर आहे, पोरी. तुह्या हातानं काढून घे.”