घरची भाषा

सात वर्षांपूर्वी मुकुटबनजवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवरच्या शाळेत, बदलून आल्या, तेव्हा सुरभी मॅडमनी पालकांना बजावलं होतं, "पोरांसमोर घरीही मराठीच बोला. तरच ती शिकतील." पालकांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

यंदाच्या प्रशिक्षणात मॅडमना नवंच कळलं, मूल घरच्या भाषेतून लवकर शिकतं. हुरूपानं परतून त्यांनी पहिलीच्या वर्गापुढे मोराचं चित्र धरलं. "याले कोलामीत काय म्हणता?"

"मोर!" पोरं एका सुरात म्हणाली.

"घरी कोणालेच येत नाही का कोलामी?"

जैवंता हळूच उठली. "आजीले येते, मॅडम. तिले मराठी येत नाही."

"मग उद्या आजीलेच विचारून ये."

 

"आजी आमच्या संग बोलत नाही. आई म्हणते, मॅडमनं मना केलं हाय."