स्पासोये उस्तादांची पोटरी

"मी हात लावणार नाही. तूच चालू कर आणि आधी नुसतं ऐक," स्पासोये उस्ताद म्हणाले.

विश्न्यानं बटण दाबलं. यंत्र गुणगुणायला लागलं. तिच्या स्वतःच्या यंत्राची खरखर त्यात नावालाही नव्हती.

"काय ऐकू येतंय?"

"मोटर दमलेली नाही, उस्ताद. सुई वर जाताना आणि खाली येताना आवाज एकसारखा आहे."

"हं." उस्तादांनी डोळे मिटून मान डोलावली. "अजून बोल. तुला कितपत कळतं ते बघायचंय मला."

विश्न्या सकाळच्या बसनं नोवी सादहून बेलग्रेडला आली होती, ती फक्त या यंत्रासाठी. 'हातानं घडवलेलं गोंदणयंत्र. रेघ आणि छटा, दोन्हीला एकच. लायक हातालाच विकणे आहे.' या जाहिरातीनं टॅटूवाल्यांमध्ये चांगलीच खळबळ माजवली होती. विश्न्याची रेघ देखणी होती, पण छटा भरायला बसली की तिचं यंत्र गिऱ्हाइकाची कातडी खरवडून काढायचं. दुकानाची मालकीण छटेची सगळी कामं आता दुसऱ्याकडे वळवत होती. असंच चाललं तर जन्मभर लोकांच्या मनगटांवर प्रेयसींची नावं काढत बसावं लागलं असतं. तिला हे यंत्र हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं.

खोलीत उकडत होतं. "खिडकी जरा उघडू का?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का? दार उघडं, खिडकी उघडी, मधे मी! झुळूक लागून माझा मेहुणा आठवडाभर वाकडा होता."

दार बंदच होतं. पण उस्तादांशी वाद कोण घालणार? तिनं घाम पुसला.

उस्तादांनी विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळला. पोटरीवर डॅन्यूब नदीतला एक भलामोठा मासा पसरला होता. डोकं पूर्ण, मिशांसकट. अंगाला नुसती रेघ. शेपटीचा पत्ताच नव्हता.

"हे कुणी काढलंय?"

"कोण काढणार? मीच. हात चालत होता तोवर." उस्तादांनी उसासा टाकला. "मग हाताला कंप सुटला आणि मासा शेपटीवाचून राहिला. शेपटीची रेघ काढ, अंगाला छटा भर. ज्याचा हात माझ्या माशाला शोभेल, त्यालाच यंत्र."

विश्न्या पोटरीवर वाकली. अंगाची रेघ तिला डोक्याच्या रेघेपेक्षा वेगळ्या हाताची वाटली खरी, पण वयानं माणसाचा हात बदलतोच की.

तिनं हातमोजे चढवले, नवी सुई बसवली आणि यंत्राच्या गळ्याशी असलेलं कडं फिरवलं.

"काय केलंस? का केलंस? सगळं सांगत जा," उस्ताद म्हणाले.

"सुईची झेप लांब केली. रेघेला सुई दुरून यावी लागते, म्हणजे एकाच फटक्यात शाई बसते. आखूड झेपेत रेघ फिकी पडते, मग तीच तीच गिरवावी लागते."

"आखूड झेपेत फिकी पडते," उस्ताद पुटपुटले. "बरोबर. अगदी बरोबर."

शेपटी एका दमात उतरली. विश्न्यानं सुई बदलली. आता रुंद, पसरट सुई. कडं उलटं फिरवून झेप आखूड केली, वीज उतरवली आणि आतली स्प्रिंग सैल सोडली.

"ती कशाला सैल केलीस?"

"कातडीनं विरोध केला की सुईनं मागं सरावं म्हणून. रेघेत सुई ठोसा मारते, छटेत तिनं थोपटायचं असतं."

"ठोसा आणि थोपटणं. वा! हेच मी सगळ्यांना सांगत असतो."

पोटातला पांढुरका उजेड, पाठीवरचा चिखलाचा काळोख, सगळं अलगद भरत गेलं. कातडी लालसुद्धा झाली नाही. आपल्याच हातून हे होतंय यावर विश्न्याचा विश्वास बसेना. काम संपलं तेव्हा पाठ मोडली होती, पण मासा पोटरीवरून पाण्यात उडी घेईल की काय असा दिसत होता.

उस्तादांनी आरसा धरून पोटरी सगळ्या बाजूंनी न्याहाळली. डोळे क्षणभर चमकले, मग चेहरा गंभीर झाला.

"रेघ सोनं आहे, पोरी."

"आणि छटा?"

"छटेत घाई आहे. कल्ल्यापाशी." त्यांनी यंत्र तिलाच पुसून पेटीत ठेवायला लावलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. वर्षभर घासून काम कर आणि परत ये. उजवा पाय तुझ्यासाठी राखून ठेवतो."

विश्न्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कल्ल्यापाशी घाई झालीच असणार. एवढा मोठा माणूस उगाच कशाला बोलेल? उस्तादांनी समजूत म्हणून दिलेली रकिया, फळांची कडक दारू, तिनं घशाखाली ओतली, रिवाजाप्रमाणे तीनदा त्यांच्या गालांना गाल लावले आणि ती जिना उतरली.

खाली अंगणात तळमजल्यावरच्या शेजारीण देसांकाबाई चुलीवर लाल मिरच्या भाजत होत्या. फाटकातून एक दाढीवाला तरुण खांद्यावर पेटी घेऊन घाईघाईनं आत आला.

"स्पासोये उस्ताद इथंच राहतात ना? यंत्राचं बघायला आलोय."

विश्न्यानं मन मोठं केलं. "चौथा मजला. छटेला घाई करू नकोस. फार कडक परीक्षा घेतात."

"माहितीये. मला गरुड पुरा करायचाय. अर्धा त्यांनी स्वतःच काढलाय म्हणे, हात चालत होता तोवर."

"कुठं काढलाय?"

"पाठीवर."

विश्न्या जागीच थांबली. "स्वतःच्या पाठीवर?"

देसांकाबाईंनी चिमट्यानं मिरची उलटली. "कोण उस्ताद, आमचा स्पासोये? अगं, तो जन्मभर ट्राम चालवत होता. ते यंत्रसुद्धा कुणीतरी त्याच्या ट्राममध्ये विसरलं होतं."