तळेकरांच्या गळ्यातला हार

पक्षाचं उपरणं गळ्यात पडताच, सरकारी वकिली सोडून आलेले तळेकर हात जोडून हसले आणि सभागृहात टाळ्या कडाडल्या. मागच्या रांगेतल्या घारपुरे वकिलांचे हात मात्र मांडीवरच राहिले.

कोर्टात तळेकर उभे राहिले, की समोर आरोपीच्या बाजूने बहुतेक वेळा घारपुरेच असायचे. जन्मभर सरकारची एकच बाजू मांडलेला हा तळेकर आता माइकवरून सांगत होता, "आमचा पक्ष डावा नाही, उजवा नाही. आम्ही सगळ्यांचं ऐकतो." हेच भाषण आपण किती झोकात ठोकलं असतं! पण पक्षातल्या एकानेही आपल्याला साधं विचारलं नाही, हे घारपुऱ्यांच्या पचनी पडत नव्हतं.

तेवढ्यात टेम्पोवाला दस्तगीर हार घेऊन स्टेजवर चढला आणि घारपुऱ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. खुनाच्या खटल्यात तळेकरांनी याच्यासाठी फाशी मागितली होती. याला निर्दोष सोडवलं ते घारपुऱ्यांनी. आणि हार तळेकरांना!

कार्यक्रम संपताच त्यांनी दस्तगीरला दारातच गाठलं. "काय रे, तुझा जीव कुणी वाचवला, विसरलास होय?"

"कसं विसरेन साहेब? तुमच्यामुळंच जिवंत आहे." दस्तगीर ओशाळला. "पण निकालानंतर तळेकर साहेब घरी आले होते. म्हणाले, 'खरं सांग, तू केलं नव्हतंस ना?' मी नाही म्हटलं. तर माझ्या आईची माफी मागून गेले."

घारपुरे जायला वळले.

"तुम्ही मला तेवढं कधी विचारलंच नाही, साहेब."