रसवंतीच्या आडोशाला

हॉलच्या दारातच भाऊसोला तो मुलगा दिसला. अंगात पांढरा कुर्ता, आणि कुर्त्याच्या गळ्याभोवती रंगवलेली हिरवी पानं. लांब, टोकाला मुडपलेली, उसाची.

तीच पानं त्याच्या बायकोच्या, अंजनाच्या पदरावर होती. शिवांजलीनं ती साडी स्वतः रंगवून आईला दिली होती, आणि आज हीच नेसून ये म्हणून फोनवर हट्ट धरला होता.

"पोरीनं फकस्त तुझ्यासाठी रंगवलीया म्हणालीस न्हवं?" भाऊसो दबक्या आवाजात म्हणाला. "मग त्या पोराच्या अंगावर तसलीच पानं कशी?"

"आवं, हळू बोला. लोकं बघाय लागल्यात."

बाहेर सांगली एप्रिलच्या उन्हात भाजत होती. आत कूलर घरघरत होते आणि भिंतींवर पोरापोरींनी काढलेली चित्रं होती. शिवांजलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. आधी प्रदर्शन बघू, मग घाटावर भेळ खाऊ, असं म्हणून तिनं दोघांना बोलावलं होतं. आजवर कधी बोलावलं नाही, मग आत्ताच का? आष्ट्याहून येताना वाटभर भाऊसो हेच विचारत आला होता.

कुर्तेवाला मुलगा सरबताचे ग्लास घेऊन पुढं आला.

"काका, काकी, घ्या. मी अमीर, शिवांजलीच्या वर्गातला. गाडीवर आलासा? ऊन लय हाय आज."

गाडीवर आलो, हे ह्याला कुणी सांगितलं? हातातल्या हेल्मेटचं भाऊसोला भानच नव्हतं. त्यानं ग्लास घेतला, पण ओठाला लावला नाही.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिवांजली पाहुण्यांशी बोलत होती. तिनं नुसती भुवई उचलली, तसा अमीर गेला आणि भिंतीवरची एक तिरकी फ्रेम सरळ करून आला. शब्द नाही की काही नाही. भुवईवर कामं चालतात म्हणजे ओळख आजकालची नाही. भाऊसोनं मनाशी पक्कं केलं.

"तिला बॅग भराय सांग," तो अंजनाला म्हणाला. "हॉस्टेल आजपास्नं बंद. परीक्षा बी नको आन् काय बी नको."

अंजना झटकन त्याच्याकडं वळली. तिच्या हातातलं सरबत हिंदकळलं आणि थोडं पदरावर सांडलं.

भाऊसो लेकीच्या दिशेनं निघाला. वाटेत एका चित्रापुढं गर्दी होती. वाट मिळेना म्हणून तो थांबला, आणि थांबला म्हणून त्याची नजर वर गेली.

चित्रात सांगलीचं एसटी स्टँड होतं. भर दुपार. एसटीतून पोरी उतरत होत्या, खांद्याला पिशव्या, सगळ्या उन्हानं पांढुरक्या झालेल्या. गडद रंग एवढाच, कडेच्या रसवंतीच्या हिरव्या कापडाचा. त्याच्या आडोशाला एक माणूस उभा होता. डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. दिसत होते ते फक्त डोळे.

खाली चिठ्ठीवर नाव होतं: 'अण्णा'.

लेक त्याला अण्णाच म्हणायची. आणि तो टॉवेल भाऊसोचाच होता. सोमवारी शिवांजलीला आष्ट्यात एसटीत बसवायचं, आणि आपण गाडी दामटून तिच्या आधी सांगली गाठायची. ती कुणासंगं बोलते, कुणाच्या गाडीवर बसते, हे बघायचं. घरी सांगायचं, विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणाय गेलतो. गेल्या उन्हाळ्यात असे कितीतरी सोमवार गेले होते. काही सापडलं नव्हतं. म्हणून तर त्याचा संशय जास्तच वाढला होता.

गर्दीतली एक म्हातारी नातीला म्हणाली, "बघ गं, बाप उन्हात कसा वाट बघत हुबा हाय. लेकीची काळजी अशी असती."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी चित्राचा फोटो काढला.

शिवांजली कधी शेजारी येऊन उभी राहिली, भाऊसोला कळलं नाही.

"कवा बघितलंस?" त्यानं चित्राकडं बघतच विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलणार? तुमी तोंड बांधून आला होतासा."

तिचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"आन् आता हे समद्या गावाला दावायचं व्हतं?"

"गावाला न्हाई, अण्णा. तुमाला."

अंजना मागून आली. सोमवारांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. पदरावरचा ओला डाग तिनं मुठीत धरला होता.

"तोंड झाकलं म्हणून काय झालं," ती म्हणाली. "ह्या डोळ्यांम्होरं मी बावीस वरसं नांदतीया."

आमटीत मीठ कमी आहे, हे जशी सांगायची, तशीच ती म्हणाली. भाऊसोनं तिच्याकडं बघितलं. ती चित्रच बघत होती.

त्यानं नजर फिरवली. दाराशी एका पोरीच्या ओढणीवर उसाची पानं होती. सरबताच्या टेबलामागं उभ्या असलेल्या बाईंच्या साडीवरही होती. शिवांजली रंगवून विकत असावी. म्हणजे अमीरचा कुर्ताही त्यातलाच.

बॅगेचं नाव पुन्हा निघालं नाही.

उन्हं कलल्यावर तिघं घाटावर आली. एरवी भाऊसो सगळ्यांच्या मागून चालायचा, म्हणजे दोघी नजरेत राहायच्या. आज तो पुढं झाला. कृष्णेकडं उतरणाऱ्या पायऱ्या अजून तापलेल्या होत्या.

मागं शिवांजली आईच्या कानात काहीतरी बोलली, आणि दोघी खळखळून हसल्या. भाऊसोची मान वळता वळता थांबली. तो तसाच एकेक पायरी उतरत राहिला. कान मात्र त्यानं मागंच ठेवले होते.