निचरा

अर्धांगवायूनंतर नानांना चालायचा सराव करता यावा, म्हणून त्यांच्या सुनेने, वृंदाने, अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरली होती. पण खालच्या चिकण मातीत पाणी मुरेना. एका सरीतच डबकं साचलं आणि नाना घसरून पडले.

“राहू दे, सूनबाई. मी घरातच बसतो.”

“घरात कशाला? मातीलाच वठणीवर आणते,” म्हणत वृंदाने पदर खोचला आणि हिरवळ गुंडाळून ठेवली. फूटभर माती खणून काढली, गटाराकडे उतार दिला, भोकं पाडलेला पाइप पुरून वर खडी दाबून बसवली. तळहातांना फोड आले. मग तिने हिरवळ पुन्हा अंथरली.

दुसऱ्याच दिवशी धो धो पाऊस झाला. तो ओसरल्यावर वृंदा बाहेर आली. पाणी कुठेच साचलं नव्हतं. अंगणाच्या टोकाला नाना काठी टेकून उभे होते. ती आधाराला धावली.

“तिथेच थांब,” नाना म्हणाले. “मी येतो.”