काळीच्या काड्या

नवऱ्यामागे सासऱ्यांचा द्राक्षमळा मीच सांभाळला. त्यातल्या जुन्या जातीला आमच्या ग्रीक बेटावर सगळे नुसतं 'काळी' म्हणायचे. आमच्या मळ्याबाहेर ती कुठे उरलीच नव्हती. हिवाळ्यात वेलींची छाटणी झाली की धाकटे दीर अनेस्तिस गाडी घेऊन हजर. "वहिनी, काड्या फेकू नका हं. ईस्टरचं कोकरू काळीच्या काड्यांवर भाजलं तरच त्याला चव." मी स्वतः मोळ्या बांधून त्यांच्या गाडीत टाकायचे.

पुढे तेच मागे लागले. "कोण विचारतंय तुमच्या काळीला? उपटा, फ्रेंच द्राक्षं लावा. हॉटेलवाले दारात येतील." घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर उपटली.

काल एक बस फाटकाशी थांबली. अस्सल ग्रीक द्राक्षांच्या शोधात मळे पालथे घालणारी मंडळी होती. त्यातल्या एकीने विचारलं, "काळीच्या मळ्याकडे हाच रस्ता ना?"

म्हटलं, "काळी आता कुठेच नाही, बाई."

ती हसली. "अहो, तिचीच वाइन चाखायला तर अथेन्सहून आलोय."

मीही बसमध्ये चढले. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला काळीच्या वेलींच्या रांगाच रांगा. दीर पाहुण्यांचे पेले भरत सांगत होते, "अख्ख्या बेटावर ही जात मी एकट्याने जगवली." मला बघून त्यांनी एक पेला माझ्यापुढे केला. मग म्हणाले, "या वहिनी, चव तर घ्या."



ईस्टरचं कोकरू तर तो दर वर्षी माझ्याच अंगणात येऊन, माझ्याच सरपणावर भाजलेलं खायचा.