बारा घोंगड्या

सोलापूरबाहेरच्या माळावर केराबाईनं चिंचोक्याची खळ दिलेल्या बारा नव्या घोंगड्या उन्हात वाळत घातल्या होत्या. बिरोबाचा भंडारा पडल्याशिवाय नव्या घोंगडीवर धनगराच्या घरात कुणी बसत नाही. तरी दुपारी ती पाहते तर प्रत्येक घोंगडीत माणूस बसल्यासारखा खळगा!

तेवढ्यात मुकादम हिंदुराव गाडी घेऊन आला. त्यानंच करायला सांगितलेला हा माल कुणासाठी, हे त्यानं आता सांगितलं. आफ्रिकेत हबसाणच्या सरहद्दीचा तंटा पेटला होता आणि तिथं देशोदेशीचे भाडोत्री बंदूकवाले जमत होते; घोंगड्या त्यांच्यासाठी होत्या. पगाराची लालूच दाखवून गेल्या साली त्यानं इथले बारा गडी तिकडंच नेले होते. त्यांत केराबाईचा नवरा सिद्धाप्पाही होता. एकाचंही पत्र आलं नव्हतं.

"घोंगड्या मिळायच्या न्हाईत," केराबाई म्हणाली. "आदी माजा मानूस आना."

"लई बोलतीस," म्हणत हिंदुरावानं हमालांना खूण केली.

चौघांनी मिळून एक घोंगडी ओढली. ती हलेना. दुसरीही हलेना. काठ ताणले गेले, पण मधला खळगा आणखीच खोल रुतला. हमाल मागं सरले.

केराबाई शेवटच्या घोंगडीपाशी गेली. तिथल्या खळग्यापुढं ओल्या लोकरीत दोन पावलं उमटली होती. डाव्याला अंगठा नव्हता. सिद्धाप्पालाही नव्हता.

ती त्या खळग्याशेजारी मांडी ठोकून बसली.

"आता उचला की!"

हिंदुराव जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत घोंगडीचा काठ रिकाम्या बाजूनं सावकाश वर उचलला गेला आणि केराबाईच्या खांद्यावर नीट पांघरला गेला.